विरजण न लावता घुसळण

आमच्या सोसायटीच्या गणपतीची मीटिंग दरवर्षी आषाढात होते, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून, आणि दरवर्षी सेक्रेटरी काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हं, तर यंदा देखावा काय करायचा? बोला, मोकळेपणाने बोला, सगळ्यांच्या आयडिया येऊ द्या." यानंतर जी शांतता पसरते ना, तिच्याशी माझी फार जुनी ओळख आहे. पंधरा-वीस सेकंद कोणी कोणाकडे बघत नाही, कोणीतरी मोबाईल उलटा ठेवतं, कोणीतरी घसा खाकरतं, आणि मग बी विंगमधले ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा ते दादा म्हणतात, "केदारनाथ करू." केदारनाथ दोन वर्षांपूर्वी झालंय अशी कोणीतरी आठवण करून देतं. "मग चांद्रयान," ते म्हणतात. चांद्रयान ठरतं. चहा येतो. झालं विचारमंथन.

जुनी ओळख अशासाठी म्हटलं की मी ही शांतता पगार घेऊन अनुभवलेली आहे. २००३ साली पुण्यात एका छोट्या जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर म्हणून लागले, एरंडवण्यात एका बंगल्याच्या तळमजल्यावर ऑफिस, आणि तिथे आमच्या सरांना ब्रेनस्टॉर्मिंगचं भयंकर वेड. कॉन्फरन्स रूममध्ये (म्हणजे बंगल्याच्या मूळ मालकांची जेवायची खोली, कोपऱ्यात बेसिन तसंच होतं) भिंतीवर चार नियम लॅमिनेट करून लावलेले. कोणाच्या आयडियावर टीका करायची नाही. वाट्टेल ते सुचू द्यायचं. जितक्या जास्त तितक्या बऱ्या. आणि दुसऱ्याच्या आयडियावर आपली चढवायची. सर दर वेळी सुरुवातीला म्हणायचे, "नो आयडिया इज अ बॅड आयडिया," आणि मग कोणी काही बोललं की त्यांची डावी भुवई वर जायची. टीका न करण्याचा नियम तोंडाला लागू होता, भुवईला नव्हता. आम्ही सगळे त्या भुवईकडे बघून बोलायचो, म्हणजे पावसाळ्यात आभाळाकडे बघून कपडे वाळत घालतात ना, तसं.

त्यातली एक मीटिंग मी विसरू शकत नाही. क्लायंटला उकडीच्या मोदकाच्या तयार पिठाला नाव हवं होतं. दहा जण, दोन प्लेट वडापाव, एक व्हाईटबोर्ड. मला दुसऱ्याच मिनिटाला एक नाव सुचलं आणि इतकं फिट बसलं की अंगावर काटा आला. पण गोलात माझा नंबर सातवा. तोपर्यंत आर्टवाला त्याच्या आजीचे मोदक कसे कळीदार व्हायचे ते सांगायला लागला, क्लायंट सांभाळणाऱ्या सर्व्हिसिंगवालीने त्यांचं बजेट काढलं, कोणीतरी "मोदकराज" म्हणालं, सगळे हसले, मीही हसले, आणि माझा नंबर आला तेव्हा डोकं कोरं. नाव गेलेलं. मी काहीतरी "मऊसूत" वगैरे बोलून वेळ मारून नेली. ते हरवलेलं नाव मला आजतागायत आठवलेलं नाही आणि आजही माझी खात्री आहे की ते जबरदस्त होतं. जे सांगता आलं नाही ते जबरदस्तच असतं म्हणा.

दोन तासांत बोर्डवर त्रेचाळीस नावं झाली. आम्ही सगळे तरंगत बाहेर पडलो, काय भारी सेशन झालं यार, काय एनर्जी होती! क्लायंटने आठवड्याने पाकिटावर स्वतःच्या आईचं नाव छापलं.

तर हे चार नियम आले कुठून, तर तेही जाहिरातवाल्याकडूनच. ॲलेक्स ऑसबॉर्न, न्यूयॉर्कच्या बीबीडीओ एजन्सीच्या नावातला जो शेवटचा 'ओ' आहे ना, तो हा माणूस. १९३९ पासून त्याने आपल्या ऑफिसात अशा बैठका सुरू केल्या, १९४८ आणि १९५३ साली त्यावर पुस्तकं लिहिली, आणि तिथून हा प्रकार जगभरच्या कॉन्फरन्स रूममध्ये पसरला. गंमत म्हणजे आपण सगळे त्यातल्या 'स्टॉर्म'चा अर्थ वादळ घेतो. डोक्यात वादळ, विजा, सोसाट्याचा वारा. ऑसबॉर्नच्या डोक्यात मात्र लष्करातलं स्टॉर्म होतं, म्हणजे किल्ल्यावर कमांडोंनी तुटून पडायचं तसं सगळ्यांनी मिळून एका प्रश्नावर डोक्यानिशी तुटून पडायचं. वादळ नव्हे, हल्ला. आणि आणखी एक गंमत, त्याने पुस्तकात लिहिलंय की भारतात हिंदू गुरू चारशेहून जास्त वर्षं असंच करत आलेत आणि त्या पद्धतीचं नाव 'प्राय-बर्शना'. प्राय म्हणजे म्हणे आपल्या बाहेरचं आणि बर्शना म्हणजे प्रश्न. मी हे वाचून दोन दिवस विचार करत होते की हा कुठला शब्द बाबा, तर मला आपलं वाटतं की कोणीतरी त्याला गीतेतलं 'परिप्रश्नेन सेवया' ऐकवलं असणार आणि अटलांटिक ओलांडेपर्यंत परिप्रश्नाचं पार पीठ झालं. माझा तर्क आहे हां हा, पुरावा मागू नका.

आपण मराठीत ब्रेनस्टॉर्मिंगला विचारमंथन म्हणतो. मला वाटतं ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याने नकळत मूळ शब्दापेक्षा जास्त खरं सांगितलं. कारण मंथन म्हटलं की काय आठवतं, मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, एका टोकाला देव आणि दुसऱ्या टोकाला दानव. म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढाताण पाहिजे. सगळे एकाच बाजूने ओढायला लागले तर पर्वत फिरणारच नाही, नुसता घसरत जाईल. आणि दुसरं म्हणजे, रत्नं निघायच्या आधी निघालं ते हलाहल. ते कोणाला तरी प्यावं लागलं. आमच्या एजन्सीत ते काम ट्रेनीकडे असायचं, पहिली भिकार आयडिया ट्रेनीने टाकायची, सगळ्यांनी हसायचं, मग गाडी सुरू.

एकाच बाजूने ओढण्यावरून आठवलं. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेती-इंजिनियरने माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता, त्याचे आकडे १९१३ साली छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तेवढा दोघांत लावत नाही, तिघांत आणखी कमी, आणि आठ जण एकाच दोरीला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला आपल्या ताकदीचा जवळजवळ निम्माच जोर येतो. ज्याने कधी सोसायटीच्या गणपतीचा मांडव उभा केलाय त्याला हे सांगायला फ्रेंच माणूस कशाला पाहिजे, पण आकडे आहेत आपले.

आणि आयडियांचं काय? तर १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठात तिघा संशोधकांनी ऑसबॉर्नचा दावा तपासला. त्याचं म्हणणं होतं की सर्वसाधारण माणसाला एकट्यापेक्षा ग्रुपमध्ये दुप्पट सुचतं. यांनी काय केलं, विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे बारा ग्रुप केले, आणि तेवढीच म्हणजे अठ्ठेचाळीस मुलं एकेकटी बसवली. सगळ्यांना तेच चार नियम, तेच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला बारा मिनिटं. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो, की यापुढे जन्मणाऱ्या सगळ्या माणसांना प्रत्येक हाताला एक अंगठा जास्तीचा आला तर काय फायदे होतील आणि काय अडचणी येतील. (मी घरी विचारून बघितलं. नवरा म्हणाला, सही करायला कुठला अंगठा हे बँक ठरवणार का. मुलगी म्हणाली, फोनवर टाईप करायला मस्त. सासूबाई म्हणाल्या, बांगड्या कशा चढतील.) मग एकट्या बसलेल्या मुलांना नंतर नुसत्या कागदावर चार-चारच्या ग्रुपमध्ये टाकलं, सारख्या आयडिया एकदाच मोजल्या, आणि तुलना केली. जे चौघं एकमेकांना भेटलेही नव्हते त्यांच्या आयडिया एकत्र बसलेल्या चौघांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. दुप्पट होतं खरं, पण उलट्या बाजूने.

असं का होतं यावर पुढे पुष्कळ काम झालं. लोक आळशीपणा करतात म्हणून, दुसरा बोलतोय ना मग मी कशाला, हे एक. लाज वाटते, भुवईची भीती वाटते, हे दुसरं. पण जर्मनीत ट्यूबिंगेनला डील आणि श्ट्रोबे या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली जे दाखवलं ते वाचून मी खुर्चीतच बसल्याबसल्या ओरडले, कारण ते माझं मोदकाच्या पिठाचं नाव होतं. त्यांनी माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली आणि समोर सिग्नलसारखे दिवे लावले. दिवा हिरवा असेल तेव्हाच बोलायचं, दुसऱ्या खोलीतला बोलत असेल तर थांबायचं. समोर ना कोणी बघणारं, ना कोणाची भुवई, काहींना तर दुसऱ्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता, फक्त थांबायचं होतं. तेवढ्यानेच आयडिया घसरल्या, जवळपास खऱ्या ग्रुपइतक्या. म्हणजे मुख्य चोर आळस नाही, लाजही नाही, तर नंबर. एका वेळी एकच तोंड चालू शकतं, आणि आपला नंबर येईपर्यंत जे धरून ठेवायचं त्याच्या नादात नवीन काही सुचत नाही आणि धरलेलंही सुटतं. आणि याउपर माणसं बाहेर पडताना म्हणतात, काय भारी सेशन झालं यार, हेही संशोधनात नोंदवलेलं आहे. दुसऱ्यांना सुचलेलं आपल्यालाच सुचल्यासारखं वाटतं म्हणे. त्रेचाळीस नावांमधलं माझं एकच होतं आणि तेही बोगस, पण मी त्या दिवशी पूर्ण त्रेचाळीसची ऐट मिरवत घरी गेले होते.

आता इथे माझी आजी येते. वाईजवळच्या आमच्या गावी स्वयंपाकघरात एक खांब होता, त्याला रवी अडकवलेली, दोरीचे दोन फेरे, आणि सकाळी आम्हा चुलत भावंडांत भांडण की दोरी कोण ओढणार. एकदा मी शहाणपणा केला. रात्री सगळे झोपल्यावर चुलत भावाला घेऊन गेले आणि दुधाचं पातेलंच रवीखाली घेतलं, म्हटलं आत्ताच लोणी काढून ठेवू, सकाळी सगळे चकित. अर्धा तास ओढलं. फेस आला भरपूर, फार सुंदर फेस, पातेल्याच्या बाहेर. लोणी शून्य. आजी उठून आली, पातेल्याकडे बघितलं, रागावली पण नाही, फक्त म्हणाली, "अगं बये, विरजण कोण लावणार? रात्रभर गप पडू दे की त्याला आधी." एजन्सीतले ते दोन तास आठवले की मला तो फेस आठवतो. दहा जण विरजण न लावता दूध घुसळत होते. बरं, हे ऑसबॉर्नलाही माहीत होतं, त्याने लिहून ठेवलंय की ग्रुप हा एकट्याने केलेल्या विचाराला जोड म्हणून आहे, त्याच्या जागी नाही. पण लॅमिनेट करताना लोकांनी नेमकं तेवढंच गाळलं.

नंतर ज्यांनी ज्यांनी यात सुधारणा केल्या त्या सगळ्या, नीट बघितलं तर, विरजणाच्याच आहेत. जर्मनीत रोरबाख नावाच्या माणसाने १९६८ मध्ये काढलेली पद्धत अशी की सहा जणांनी एक अक्षर न बोलता पाच मिनिटांत कागदावर तीन-तीन आयडिया लिहायच्या, कागद शेजाऱ्याला द्यायचा, त्याने त्या वाचून आणखी तीन लिहायच्या, असा कागद सगळ्यांकडे फिरला की अर्ध्या तासात एकशे आठ. आकडाही कसा, जपमाळेसारखा. जपानचे जिरो कावाकिता तर मुळात नेपाळच्या डोंगरात फिरून गावांचा अभ्यास करणारे, त्यांच्याकडे नोंदींचा डोंगर झाला तेव्हा एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून त्या सगळ्या जमिनीवर पसरायच्या आणि कोणती चिठ्ठी कोणाशेजारी जाते ते बघत बसायचं अशी त्यांची रीत. आज ऑफिसांमध्ये काचेवर रंगीबेरंगी चिकटचिठ्ठ्या लावून फोटो काढतात त्यामागे बऱ्याच अंशी हे आजोबा आहेत. १९८४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण नुसत्या विरजणाने तरी कुठे लोणी येतं. 'वादे वादे जायते तत्त्वबोधः' आपण शाळेत पाठ केलंय, आणि ऑसबॉर्नचा पहिलाच नियम म्हणतो वाद घालू नका. शार्लन नेमेथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये दोन्हीकडे करून बघितलं, काही ग्रुपना सांगितलं टीका करू नका, काहींना सांगितलं खुशाल वाद घाला, एकमेकांचं खोडून काढा. वाद घालणाऱ्यांना कमी सुचलं नाही, उलट थोडं जास्तच सुचलं. मला यात काहीच आश्चर्य वाटत नाही, मी कट्ट्यावर वाढलेली आहे.

आणि हे सगळं एका गावाने कुठलंही पुस्तक न वाचता बसवलंय याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव, २००९ मध्ये ज्यांना अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला ते. सगळे त्यांच्या जंगलाबद्दल बोलतात, मला त्यांच्या मीटिंगबद्दल बोलायचंय. त्यांच्याकडे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, प्रश्न विचारायचे, चर्चा करायची, बाहेरचा माणूससुद्धा येऊन बसू शकतो, पण तिथे निर्णय नाही घ्यायचा. निर्णय ग्रामसभेत, गावाचाच, आणि तोही बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने. एकजण जरी अडला तरी विषय पुढच्या वेळी. म्हणजे पुन्हा मुरू द्यायचं. आपण शहाणी माणसं मात्र एकाच तासात सुचवायचं, तपासायचं, ठरवायचं आणि चहाही प्यायचा.

तर हे सगळं वाचून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला आणि मागच्या आषाढात मी सेक्रेटरी काकांना म्हटलं, काका, यंदा मीटिंग जरा वेगळी घेऊया का. काका सज्जन माणूस, म्हणाले घे बाई, नाहीतरी कोणी बोलत नाही. बारा जण आले होते, योगायोगच. मी प्रत्येकाला तीन-तीन कागदाचे तुकडे दिले आणि म्हटलं बारा मिनिटं कोणी बोलायचं नाही, गणपतीत काय व्हावं किंवा काय नको ते लिहा, नाव घालू नका. पण लगेच अडचण आली. बत्तीस फ्लॅटची सोसायटी, मेंटेनन्सच्या रजिस्टरमुळे सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर पाठ! मग असं ठरलं की चिठ्ठ्या फरसाणच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, माझी आठवीतली मुलगी कोपऱ्यात बसून त्या दुसऱ्या कागदावर उतरवणार आणि काका वाचणार. मुलीने शुद्धलेखनही सुधारलं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

बारा मिनिटं किती मोठी असतात हे मला त्या दिवशी कळलं. बारा मोठी माणसं पार्किंगमध्ये गोल करून खाली माना घालून बसलेली, कोणी हूं की चूं करत नाहीये. वॉचमन दोनदा लांबून बघून गेला आणि शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, कोणी गेलं का?"

एकोणतीस चिठ्ठ्या निघाल्या. मला मनातून वाटत होतं की आता काहीतरी अफाट बाहेर पडणार, कोणीतरी गप्प बसणारी काकू एकदम काहीतरी भन्नाट लिहिणार, सिनेमात होतं तसं. तसं काही झालं नाही. "स्पीकर नऊला बंद करा" तीनदा. "वर्गणी वाढवू नका" दोनदा. "मागच्या वर्षीचा हिशोब?" एकदा, यावर काकांचा आवाज जरा अडखळला. "पिझ्झा", ही कोणाच्या तरी मांडीवर बसलेल्या पोराची. माझी स्वतःची "एलईडीची समई" इतकी फालतू होती की वाचली जाताना मी पाण्याची बाटली शोधत राहिले. आणि मग काकांनी वाचलं, "देखावाच नको." पुढची चिठ्ठी, "साधेपणाने करूया, देखावा नको." मग आणखी एक. मग आणखी. पाच. बारा माणसांमधल्या पाच जणांना देखावा नको होता, आणि दरवर्षी आम्ही गोल बसून देखावा काय करायचा तेवढंच विचारत होतो.

पण या शोधाचा आनंद करायच्या आत बी विंगमधले दादा उठून उभे राहिले. तेच, केदारनाथवाले. चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते दुखावले होते. म्हणाले, "सहा वर्षं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलो मी. आधी थर्माकोल कापला, २०१८ ला बंदी आली तर पुठ्ठे कापले. बोटं बघा. तेव्हा कोणी बोललं नाही नको म्हणून. दरवर्षी तुम्ही सगळे गप्प बसता, मग मी काहीतरी बोलतो. कोणीतरी बोलायला नको का?"

खरं सांगते, इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात आमच्या सरांच्या रांगेत बसवलं होतं, की याच्या मोठ्या आवाजामुळे बाकीच्यांना बोलता येत नाही. आणि तो माणूस आमची शांतता एकट्याने भरून काढत होता. मी जेवढं संशोधन वाचलं होतं त्यात हे कुठे नव्हतं, किंवा असेल तर मी घाईत पान उलटलं.

मग मात्र भांडण पेटलं, आणि कसलं पेटलं. कोणी म्हणालं देखावा नाही तर पोरं खाली उतरणार नाहीत, कोणी म्हणालं पोरं नाहीतरी मोबाईलमध्येच असतात, कोणी वर्गणीवर घसरलं, हिशोब परत निघाला, तीन-तीन जण एकदम बोलायला लागले. नियम वगैरे सगळे धाब्यावर. त्या गदारोळात कोणीतरी म्हणालं, "अहो पण देखावा नसला तर बाप्पा ओकाबोका दिसेल," आणि दुसऱ्या मजल्यावरच्या, गोव्यातल्या फोंड्याच्या काकू, ज्या अकरा वर्षं प्रत्येक मीटिंगला येतात आणि विणकाम करतात, त्या सुई न थांबवता म्हणाल्या, "ओकाबोका कशाला दिसेल? आमच्याकडे चवथीला देखावा कुठे असतो. माटोळी असते."

माटोळी म्हणजे काय हे निम्म्यांना माहीत नव्हतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला त्या मोसमातली फळं, भाज्या, रानातलं काय काय बांधायचं, नारळ, सुपारीचे घोस, चिबूड (कोकणातलं खरबूज), तोरिंजन (जाड सालीचं मोठ्ठं लिंबू), भोपळे, कांगलां नावाची रानफळं. मालवणचे आजोबा एकदम ताठ बसले, "आमच्याकडे पण! आम्ही माटवी म्हणतो." काका म्हणाले, "अहो काकू, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही विचारता, थीम काय."

यानंतरची पंधरा मिनिटं मला ऑसबॉर्नला दाखवायला आवडली असती. त्याचा चौथा नियम, एकमेकांच्या आयडियावर चढवा, तो तेवढा अस्सल आहे आणि त्याला माणसं समोरासमोरच लागतात. कोणीतरी म्हणालं फळं मंडईतून आणण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या गावचं एक काहीतरी बांधायचं. जळगावचे म्हणाले केळीचा अख्खा घड माझ्याकडे लागला. सासवडच्या वहिनी म्हणाल्या सीताफळं. नागपूरचे भाऊ म्हणाले संत्री, त्यावर चौघं एकदम ओरडले की भाद्रपदात कुठली संत्री, तर ते म्हणाले हिरवी आणतो पण आणतोच. लातूरवाल्यांना काही सुचेना, तर कोणीतरी म्हणालं तुम्ही ज्वारीची पेंढी आणा, ते म्हणाले आत्ता कुठली पेंढी, मग तूरडाळीवर तडजोड झाली, कापडी पिशवीत बांधून. वॉचमननेही लांबून काहीतरी सुचवलं. आणि बी विंगमधले दादा इतका वेळ गप्प होते ते म्हणाले, "चौकट किती वजन घेणार? बांबूची करतो. मापं द्या." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या एलईडी समईच्या चिठ्ठीच्या पाठीवर आकृती काढायला घेतली.

गणपतीच्या आदल्या रात्री माटोळी चढली. काकूंच्या भावाने गोव्याच्या बसमधून कांगलां आणि तोरिंजनं पाठवली होती, बाकी सगळं ठरल्याप्रमाणे, संत्री खरोखर हिरवीगार. पोरं खाली उतरली, कारण हे काय ते काय विचारायला त्यांना काहीतरी होतं, आणि मोठी माणसं सांगायला लागली की आमच्याकडे याचं काय करतात. रात्री एक वाजला तरी दादा शिडीवर होते आणि खाली चौघं शिडी धरून उभे होते. मागच्या वर्षांमध्ये शिडी धरायला एकही नसायचा हे मला तेव्हा लक्षात आलं. मी पण चांद्रयानाच्या वेळी वरून खिडकीतून बघत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती रंगात आली असताना वरून 'फट्' असा आवाज झाला आणि चिबूड फुटून बरोबर सेक्रेटरी काकांच्या डाव्या खांद्यावर आला, बिया, पाणी, गर, सगळं सदऱ्यावरून खाली. टाळ्या वाजवणारे हात थांबले. काकूंनी आरतीचं तबक सांभाळत मान वळवून बघितलं. "मी सांगितलं होतं मीटिंगमध्ये," त्या म्हणाल्या, "चिबूड पिकलेला बांधायचा नाही म्हणून."

सांगितलंही असेल. तिघं एकदम बोलत होते ना तेव्हा.